वाचकांचे प्रश्न : आइस्क्रीम फ्लोटचा फेस, आंबटपणा आणि रंग

प्रश्न : मे महिन्यात मुलीच्या वाढदिवसाला इमारतीच्या गच्चीवर वीसेक मुले जमणार आहेत. त्यांच्यासाठी गमतीशीर दिसणारा आइस्क्रीम फ्लोट, म्हणजे सोड्यावर तरंगणारा आइस्क्रीमचा गोळा, करण्याचा विचार आहे. घरी एकदा कोकम सरबत, सोडा आणि व्हॅनिला आइस्क्रीम एकत्र करून पाहिले, तेव्हा निम्मा फेस ओट्यावर सांडला आणि उरलेले पेय थोड्या वेळात फुटल्यासारखे झाले. नेमके काय चुकले असावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : या दोन्ही अडचणींची कारणे वेगळी आहेत. आधी फेसाचे पाहू. सोड्यात दाबाखाली विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड असतो आणि बाहेर पडण्यासाठी त्याला खडबडीत पृष्ठभाग सोयीचा पडतो. आइस्क्रीमच्या गोळ्यावर बर्फाचे सूक्ष्म स्फटिक आणि हवेचे बुडबुडे असल्यामुळे अशा जागा त्याला असंख्य मिळतात. शिवाय सुटलेला वायू दुधातील प्रथिनांच्या पातळ पापुद्र्यांत अडकतो, त्यामुळे नुसत्या सोड्याचा फेस जसा क्षणात बसतो तसा हा बसत नाही. मुलांना आवडतो तो हाच फेस, तेव्हा तो ग्लासातच राहील एवढी व्यवस्था करायची. कोमट सोड्यात वायू धरून ठेवण्याची क्षमता कमी असते, म्हणून बाटल्या आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवाव्यात. तीनशे मिलिलिटरच्या ग्लासात आधी चार-पाच चमचे सोडा घालावा, त्यावर आइस्क्रीमचा गोळा अलगद सोडावा, पहिला फेस बसू द्यावा आणि मग ग्लास तिरका धरून उरलेला सोडा कडेने हळूहळू ओतावा. एकूण दीडशे मिलिलिटर सोडा पुरतो, म्हणजे फेसाला वर जागा राहते. मीठ असलेला मसाला सोडा किंवा जिरा सोडा वापरणार असाल, तर गोळ्या, चॉकलेटचा चुरा असले काही त्यात टाकू नका, कारण अशा प्रत्येक कणावरून वायू सुटतो आणि फेस पुन्हा उसळतो.

आता फुटण्याविषयी. दुधातील केसीन हे प्रथिन सामू (pH) 4.6 च्या आसपास आले की साकळते, आणि कोकम व लिंबू दोन्ही त्याहून बरेच आंबट आहेत. कोलाही आंबटच असतो. पण पेय गार असल्याने आणि मुले ते भराभर संपवत असल्याने तिथे हा दोष सहसा नजरेत येत नाही. कोकमाच्या गडद रंगात मात्र पांढऱ्या कण्या लगेच उठून दिसतात. कोकम सोडायचेच नसेल, तर वाट कोकणातल्या स्वयंपाकघरातच आहे : सोलकढीत आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि नारळाचे दूध सुखाने नांदतात, म्हणून कोकम सोड्यावर नारळाच्या दुधाचे, गाईम्हशीचे दूध अजिबात नसलेले आइस्क्रीम घालावे. बाजारात शहाळ्याचे म्हणून मिळणारे आइस्क्रीम बहुधा दुधाचेच असते, तेव्हा वेष्टनावरील घटक वाचून घ्यावेत. साधे व्हॅनिला वापरणार असाल, तर इराणी हॉटेलांत मिळते तसा लाल रास्पबेरी सोडा घ्यावा. लाल पेयावर गुलाबी होत जाणारा फेस इतका देखणा दिसतो की वर आणखी काही खोचण्याची गरज, निदान माझ्या मते, उरत नाही. मुलांसाठी संध्याकाळच्या वेळी कोला टाळावा, कारण त्यात कॅफिन असते.

वीस मुलांसाठी साठ मिलिलिटरचा एकेक गोळा धरला तरी सव्वा लिटर आइस्क्रीम लागते. वितळणे आणि दुसऱ्यांदा मागणे लक्षात घेऊन दोन लिटर आणावे. सोड्याच्या पाऊण लिटरच्या पाच बाटल्या पुरतात. गोळे सकाळीच काढून, ताटात बटर पेपर पसरून त्यावर मांडावेत आणि झाकून पुन्हा फ्रीझरमध्ये दगडासारखे कडक होऊ द्यावेत, म्हणजे ऐन वेळी गच्चीवर चमच्याशी झटापट करावी लागत नाही. बाटल्या बादलीत बर्फ आणि खडे मीठ यांच्या मिश्रणात उभ्या कराव्यात. हाताने फिरवायच्या पॉट आइस्क्रीमला वापरतात तेच हे मिश्रण, आणि ते शून्य अंशाच्याही खाली जात असल्याने सोडा फार वेळ त्यात ठेवल्यास गोठू लागतो, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आइस्क्रीमऐवजी कुल्फी घातली तर? आणि आपली मस्तानी हा फ्लोटचाच प्रकार मानायचा का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : कुल्फी घालू नये. आइस्क्रीम घुसळताना त्यात भरपूर हवा मिसळली जाते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान 525 ग्रॅम असले पाहिजे, यावरून त्यात किती हवा मावू शकते याचा अंदाज येतो. त्या हवेमुळेच गोळा तरंगतो. कुल्फी आटवलेल्या दुधाची, न घुसळता गोठवलेली आणि म्हणून घट्ट व जड असते. ती बहुधा तळ गाठते आणि फेसही फारसा उठत नाही. याच नियमांत साध्या आइस्क्रीमसाठी किमान दहा टक्के दुधाची चरबी सांगितली आहे, तर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेल्या डब्यात वनस्पतिजन्य चरबी असते. फ्लोट दोन्हींचा होतो, चवीत मात्र फरक पडतो.

पुण्याच्या मस्तानीत दाट मिल्कशेकवर आइस्क्रीम ठेवतात, सोडा नसतो. ती वेगळीच वस्तू आहे आणि तिला फ्लोटच्या पंगतीत बसवण्याचे कारण नाही. फ्लोटचे मूळ अमेरिकेतील सोडा विकणाऱ्या दुकानांत आहे. 1874 मध्ये फिलाडेल्फियात फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात रॉबर्ट ग्रीन या विक्रेत्याने सोड्यात आइस्क्रीम घालून विकल्याचे सांगितले जाते, मात्र या शोधावर हक्क सांगणारे इतरही होते.

प्रश्न : बाजारातले निळे सिरप न वापरता निळ्या-जांभळ्या रंगाचा फ्लोट घरी करता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : येईल, आणि या अंकातील सर्वांत गमतीचा फ्लोट हाच आहे. गोकर्णाची दहा-बारा वाळलेली निळी फुले कपभर गरम पाण्यात पाच-सात मिनिटे ठेवून गाळून घ्यावीत. त्या गडद निळ्या पाण्याचे फ्रीझरमध्ये बर्फाचे खडे करावेत. ग्लासात हे खडे काठोकाठ भरून, थोडा साखरेचा पाक घालून वर थंडगार साधा सोडा ओतावा आणि त्यावर आइस्क्रीमऐवजी लिंबाच्या सॉर्बेचा गोळा ठेवावा. लिंबाचा रस, साखर आणि पाणी गोठवून, दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडत राहिले की असे सॉर्बे घरी होते. त्यात हवा कमी असल्याने ते एरवी बुडाले असते, पण इथे खड्यांवर टेकून राहते. गोळा वितळू लागला की त्याचा आंबट रस निळ्या पाण्यात उतरतो आणि जिथे जिथे तो पोहोचतो तिथे पाणी जांभळे, मग गुलाबीसर होत जाते. फुलातील रंगद्रव्य आम्लात रंग बदलते, एवढेच यामागचे शास्त्र. दूध कुठेच नसल्यामुळे फुटण्याची धास्तीही नाही. ग्लास मात्र पारदर्शक हवेत. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी असल्याने कागदी स्ट्रॉ आणि लांब दांड्याचे चमचे आणावेत.

प्रश्न : लग्नसमारंभात पेयातून पांढरा धूर निघताना पाहिला होता. कोरडा बर्फ आणून तसे करावे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मुलांच्या समारंभात मुळीच करू नये. कोरडा बर्फ म्हणजे उणे 78 अंशांखालचा घन कार्बन डायऑक्साइड. त्याचा खडा हाताला चिकटला तरी भाजल्यासारखी इजा होते, गिळला गेला तर तोंड, अन्ननलिका आणि जठर यांना गंभीर जखमा होतात, आणि बंद खोलीत त्याचा वायू साचून गुदमरण्याचा धोका असतो. मार्च 2024 मध्ये गुरुग्राममधील एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी समजून तो खाल्लेल्या ग्राहकांना रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात न्यावे लागले होते. तसा पांढरा देखावा हवाच असेल, तर ग्लास आधी फ्रीझरमध्ये ठेवावेत, म्हणजे दमट हवेत बाहेर काढताच त्यांवर हिमकणांचा पांढरा थर चढतो. फक्त तापमानाच्या अचानक फरकाने काच तडकू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.