गुरगुराट आणि गोड गळा

प्रश्न : मित्राने ओपेथ या मेटल बँडचा ‘स्टिल लाइफ’ अल्बम ऐकवला. मध्येच गुरगुराट, मध्येच गोड गाणं. याचा आनंद घ्यायचा कसा?

उत्तर : आधी गाण्यांचे शब्द समोर ठेवा. १९९९ सालच्या या स्वीडिश अल्बममध्ये सात गाण्यांतून एकच कथा उलगडते. श्रद्धा नाही म्हणून गावाने हाकललेला माणूस अनेक वर्षांनी प्रेयसी मेलिंडासाठी परततो. ती आता जोगीण झाली आहे. पुढे तिचा जीव जातो, तो सूडाने पेटतो आणि शेवटी फासावर जातो.

आता बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्टचा आवाज ऐका. गुरगुराट आणि स्वच्छ सूर, दोन्ही त्याचेच! एकाच माणसातला संताप आणि ओढ मला त्यात ऐकू येते. पहिलं गाणं अकरा मिनिटांहून मोठं आहे. सुरुवातीची संथ गिटार कृपा करून पुढे ढकलू नका, पुढचा आघात तिच्यामुळेच बसतो. तिसऱ्या गाण्यात तर गुरगुराट नाहीच. डेथ मेटलला, म्हणजे गुरगुरत्या आवाजातल्या दणदणीत मेटल संगीताला, लोकसंगीताची आणि जॅझची अशी जोड मला फार प्रिय आहे. हेडफोन लावा, गाण्यांचा क्रम मोडू नका. तरीही गुरगुराट खुपला तर पाचव्या गाण्यापासून, मेलिंडाच्या गाण्यापासून, सुरुवात करा.