पंचविसावर दुसराच बसलाय

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा मेल सर्व्हर फ्रीबीएसडी १३ या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे, त्यावर मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम पोस्टफिक्स. परवा पावसात रात्रभर करंट गेला, यूपीएसही उतरला. सकाळी मशीन सुरू झालं, पण बाहेरचं मेल येईना. पोस्टफिक्स सुरू केलं की लगेच बंद पडतं. लॉगमध्ये ‘फेटल: बाइंड ०.०.०.० पोर्ट २५: अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ अशी ओळ येते. दोन वर्षं सगळं सुरळीत होतं, कोणी काही बदललेलं नाही. पोस्टफिक्स काढून पुन्हा घालू का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नका घालू. पोस्टफिक्स धडधाकट आहे, त्याची जागा, म्हणजे बाहेरचं मेल आत येण्याचं दार असलेलं पोर्ट २५, दुसऱ्या प्रोग्रामने अडवली आहे. कोणी ते बघा : रूट होऊन ‘सॉकस्टॅट -४ -एल -पी २५,५८७’ चालवा. दुसऱ्या रकान्यात प्रोग्रामचं नाव दिसेल, तिसऱ्यात पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रामचा क्रमांक. पोस्टफिक्स चालू असतं तर तिथे त्याचा मुख्य प्रोग्राम ‘मास्टर’ दिसला असता. तुमच्याकडे बहुतेक ‘सेंडमेल’ हा दुसरा मेल-प्रोग्राम दिसेल. चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या ‘पीएस’च्या यादीतही ‘सेंडमेल: अ‍ॅक्सेप्टिंग कनेक्शन्स’ अशी ओळ असेल.

कोणी काही बदललं नाही, हेच दुखणं. फ्रीबीएसडीत १३ पर्यंत सेंडमेल मूळचाच येतो. २०२३ च्या १४.० पासून त्याची जागा डीएमए या छोट्या मेल-प्रोग्रामने घेतली. दोन वर्षांपूर्वी पोस्टफिक्स बसवणाऱ्याने सेंडमेल हाताने किल केला असणार आणि मशीन उठताना काय सुरू करायचं ते ठरवणाऱ्या आरसी.कॉन्फ फाइलमधली ‘सेंडमेल_एनेबल="येस"’ ही ओळ तशीच राहिली असणार. मशीन बंद पडलंच नाही तोवर कुणाला पत्ता नाही. करंट गेला, मशीन उठलं, आणि सेंडमेल आधी जागेवर जाऊन बसला.

आता क्रम सांभाळा. आधी ‘सर्व्हिस सेंडमेल स्टॉप’, मग ओळ बदला. उलट केलंत तर थांबवण्याची आज्ञा काही न करता परत येते. ओळीत ‘नो’ लिहून भागत नाही, इथेच बहुतेक जण फसतात. ‘नो’ने सेंडमेल बाहेरचं दार सोडतो, पण १२७.०.०.१ वर ठाण मांडून राहतो, आणि संस्थेच्या प्रोग्रामने लोकलहोस्टला दिलेलं मेल त्याच्या हाती पडतं. शब्द हवा ‘नन’, आणि तो लिहायला सिसआरसी ही आज्ञा : ‘सिसआरसी सेंडमेल_एनेबल="नन"’, त्याखाली ‘सिसआरसी पोस्टफिक्स_एनेबल="येस"’. मग पोस्टफिक्स सुरू करा, सॉकस्टॅटमध्ये ‘मास्टर’ दिसतो का पाहा, आणि रात्री काउंटर बंद झाल्यावर एकदा मुद्दाम रीबूट करा. ती चाचणी टाळू नका.

किल करायची पाळी आलीच तर येणारं मेल घेणारा पोस्टफिक्सचा ‘एसएमटीपीडी’ मारत बसू नका, ‘मास्टर’ त्याला गरजेनुसार पुन्हा जन्माला घालतो. मास्टरचा क्रमांक ठेवणारी मास्टर.पीआयडी फाइल उडवायचीही गरज नाही; पोस्टफिक्स त्या फाइलवरचं कुलूप बघतो, फाइल पडून आहे की नाही ते नव्हे.

आणखी एक गोम : खोळंबलेल्या मेलांची यादी ‘मेलक्यू’ रिकामी दाखवतं, पण पोस्टफिक्सच्या स्वतःच्या ‘पोस्टक्यू -पी’मध्ये ढीग. तसं झालं तर मेलच्या आज्ञा कोणत्या प्रोग्रामकडे जायच्या ते ठरवणारी मेलर.कॉन्फ फाइल अजून जुन्या सेंडमेलकडे बोट दाखवतेय, आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनची मेलं /व्हार/स्पूल/क्लायंटएमक्यू मध्ये साठत असतील. तीही बघा. बाहेरून न पोचलेल्या मेलांची फार काळजी नको, पाठवणारे सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात.

प्रश्न : ऑफिसात बसून मेल सर्व्हरच्या पोर्ट २५ ला टेलनेट (जोडणी तपासायची आज्ञा) लागतं. फोंड्याला घरून केलं तर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, आणि ५८७ ला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. पोर्ट खराब झालेत का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ही दोन वेगळी उत्तरं आहेत. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुधा मशीनपर्यंत पोचलात, तिथे ५८७ ऐकणारं कोणी नाही. पोस्टफिक्सच्या मास्टर.सीएफ फाइलमध्ये ५८७ साठीची ‘सबमिशन’ची ओळ मुळात # लावून बंद असते, # काढा, तिच्या खालच्या ‘-ओ’च्या हव्या त्या ओळीही उघडा, ‘पोस्टफिक्स रीलोड’ द्या. मात्र मेन.सीएफमधलं ‘इनेट_इंटरफेसेस’ (कोणत्या पत्त्यांवर ऐकायचं ते) बदललंत तर रीलोड पुरत नाही, बंद करून सुरू करावं लागतं.

‘टाइम्ड आउट’ म्हणजे वाटेत कोणीतरी पाकीट गुपचूप गिळतंय. २५ ला घरून हे होणारच, कित्येक इंटरनेट कंपन्या स्पॅम रोखायला घरगुती जोडणीवरून बाहेर जाणारं २५ अडवतात. ते सर्व्हर-सर्व्हरमधल्या बोलण्यासाठी आहे, तुमच्या लॅपटॉपने ५८७ किंवा ४६५ वापरावं.

५८७ तपासताना टेलनेट नको, ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट -स्टार्टटीएलएस एसएमटीपी -कनेक्ट’ पुढे सर्व्हरचं नाव:५८७. लॉगिन झाल्यावर मेल कुणाला ते सांगणारी ओळ ‘आरसीपीटी टू’ मात्र लहान लिपीत टाइप करा. कॅपिटल आरने सुरू होणारी ओळ एस_क्लायंट स्वतःला दिलेली आज्ञा समजतो, सर्व्हरला पाठवतच नाही. लोक तासन्‌तास पोस्टफिक्सला शिव्या घालत बसतात ते यामुळेच.