सॅश कुणीही छापून देतं

नोव्हेंबर २०२५ मध्ये बँकॉकजवळ मिस युनिव्हर्स पार पडली आणि तेव्हापासून या सदरासाठी येणारी पत्रं जवळजवळ एकाच विषयाची आहेत. एरवी तुम्ही मला जुन्या पैठणीच्या पदराचं काय करू, ब्लाउजची बाही खांद्यावर का चढते, असं विचारता. मी नागपूरच्या धरमपेठेत शिवणाचं दुकान चालवणारी बाई. पण कॉलेजच्या गॅदरिंगपासून मुंबईच्या ऑडिशनपर्यंत जाणाऱ्या पोरींचे गाऊन माझ्या टेबलावर कापले जातात आणि ट्रायलला उभ्या असताना त्या जे बोलतात ते कानावर पडतंच. म्हणून यंदाचा अंक यालाच देते.

ताई, माझी मुलगी १९ वर्षांची, इंजिनिअरिंगला आहे. एका इव्हेंटवाल्याने हॉटेलात ऑडिशन घेतली. ती सिलेक्ट झाल्याचा मेसेज आला. आता ४५ हजार भरले की ‘इंटरनॅशनल’ स्पर्धेच्या फायनलला जाता येईल म्हणतात. तिच्या दोघी मैत्रिणीही सिलेक्ट झाल्या. भरू का? – एक आई, मानेवाडा

आजच्या आज तरी भरू नका. आधी हे समजून घ्या. मिस वर्ल्डवाले किंवा मिस युनिव्हर्सवाले नागपूरला येऊन कुणाला निवडत नाहीत. ते प्रत्येक देशात कुणा एकाला लायसन्स देतात. ज्याच्याकडे लायसन्स, त्याने निवडलेली मुलगी देशाचं नाव लिहिलेली सॅश, म्हणजे खांद्यावरून आडवा घेतात तो पट्टा, घालून जाते. मिस वर्ल्डला आपली मुलगी फेमिना मिस इंडियातून जाते. मिस युनिव्हर्सचे भारतातले हक्क २०२४ पासून ग्लॅमानंद नावाच्या कंपनीकडे आहेत; त्याआधी मिस दिवामधून मुली जायच्या आणि त्याच्याही आधी काही वर्षं सुश्मिता सेनच्या ‘आय ॲम शी’मधून. हक्क असे हात बदलत राहतात, त्यामुळे कालचं नाव आज चालेलच असं नाही.

तेव्हा त्या इव्हेंटवाल्याला शांतपणे विचारा: तुमची विजेती पुढे कुठे जाते? कोणत्या देशात, कोणत्या स्पर्धेला? तिथलं लायसन्स तुमच्या नावावर आहे का, कागद दाखवता का? मागच्या वर्षीची विजेती कुठे गेली, तिच्याशी बोलता येईल का? बऱ्याच ठिकाणी असं होतं की ‘इंटरनॅशनल’ फक्त बॅनरवर असतं, स्पर्धा वर्धा रोडवरच्या एखाद्या हॉलमध्ये उरकते आणि विजेत्या इतक्या असतात की हसरा चेहरा, सुंदर केस, उत्कृष्ट चाल अशा नावांनी प्रत्येकीला काही ना काही मिळतंच. सॅश छापायला खर्च कितीसा येतो, मी छापून घेतल्यात, मला माहीत आहे. ऑडिशनला आलेली प्रत्येक पोरगी निवडली गेली असेल तर तिथे निवड झालीच नाही, गिऱ्हाईक जमवलं गेलं.

आता तुम्ही म्हणाल, अनुभव तर मिळेल. मिळेल, मी नाही म्हणत नाही. स्टेजवर चार वेळा चालल्याने भीती जाते. पण त्यासाठी ४५ हजार? तेवढ्यात वर्षभर चांगल्या माणसाकडून वक्तृत्व शिकता येईल, शिवाय एक कथ्थकचा क्लास लावता येईल. आणि पावती! पैसे देणारच असाल तर जीएसटी नंबर असलेली पावती आणि फायनल रद्द झाली तर किती परत मिळणार, हे लेखी घ्या. पावतीचं नाव काढताच आवाज चढला तर मुलीला घेऊन सरळ घरी या.

खऱ्या, मोठ्या स्पर्धेतही सगळं गोड असतं असं समजू नका. मे २०२५ मध्ये हैदराबादला मिस वर्ल्ड झाली, तेव्हा मिस इंग्लंड मिला मॅगी अर्ध्यातून मायदेशी परतली. प्रायोजकांचं मनोरंजन करायला बसवल्यासारखं वाटलं, असं तिने तिकडच्या वर्तमानपत्राला सांगितलं. आयोजकांनी ते नाकारलं. खरंखोटं तेच जाणोत, पण मुलीला एक सांगून ठेवा: कुठल्याही जेवणावळीला, कुठल्याही ‘स्पॉन्सर मीट’ला एकटीने जायचं नाही, आणि न पटलं तर उठून यायचं. बँकॉकमध्ये तेच झालं. तिथल्या एका बड्या आयोजकाने सगळ्यांसमोर मिस मेक्सिको फातिमा बॉशला झापलं. ती उठून गेली, तिच्यामागोमाग आदल्या वर्षीच्या विजेतीसकट अनेक जणी उठल्या. २१ नोव्हेंबरला मुकुट फातिमालाच मिळाला. त्यावरूनही वाद झालेच, ते वेगळं.

काकू, कॉलेजच्या ‘मिस फ्रेशर’साठी गाऊन हवा आहे. भाड्याचे गाऊन ढगळे आणि नवीन फार महाग. बाबा म्हणतात, एका संध्याकाळसाठी कशाला? – एफ. वाय., शंकरनगर

बाबांचं खोटं नाही. १९९४ मध्ये सुश्मिता सेन मिस इंडियाला उभी राहिली तेव्हा तिच्या आईने दिल्लीच्या सरोजिनीनगर बाजारातून कापड आणलं आणि परकर शिवणाऱ्या शिंप्याकडून गाऊन शिवून घेतला. हातमोजे पायमोज्यांचे केले होते. हे तिनेच अनेकदा सांगितलंय. त्याच वर्षी मनिलाला ती मिस युनिव्हर्स झाली, आपल्या देशाची पहिली.

तू असं कर. गांधीबागेत जा, साटीन किंवा जॉर्जेट घे, एकाच रंगाचं. लांबून मणी दिसत नाहीत, पडणारं कापड दिसतं. मासोळी कट सगळ्यांनाच हवा असतो, पण त्यात गुडघे बांधले जातात आणि स्टेजची पायरी चढताना तू सशासारखी उड्या मारशील. ए-लाइन घे, कमरेपासून खाली मोकळा होत जाणारा. अस्तर कॉटनचं घाल, आपल्या हॉलचे एसी बेभरवशाचे. आणि जी हील घालणार आहेस ती घालूनच माप द्यायला ये. चपलेवर माप देऊन हीलवर घातला की गाऊन घोट्याच्या वर टांगतो. उलटं झालं तर पायात येतो, आणि ते तर फारच वाईट. गोट उलटताना आत हॉर्सहेअर पट्टी, म्हणजे जाळीची ताठ पट्टी, लावायला सांग, म्हणजे घेर पायात गुंतत नाही. हे आपल्याकडच्या कुठल्याही चांगल्या शिंप्याला येतं, फक्त कुणी मागत नाही.

रंग सावळा आहे. फाउंडेशन दोन शेड उजळ लावलं तर परीक्षकांवर छाप पडेल का? – खामला

मान वेगळी दिसेल. एवढंच होईल. २०१९ ची मिस युनिव्हर्स, दक्षिण आफ्रिकेची झोझिबिनी टुन्झी, आपल्या रंगावर आणि आखूड कुरळ्या केसांवर जशीच्या तशी उभी राहिली होती. तिचे फोटो बघ आणि आपल्या शेडचं फाउंडेशन आण.

आपण संस्कृतीच्या गप्पा मारतो आणि मुलींना पोहण्याच्या कपड्यांत उभं करतो. या स्पर्धांचा मूळ हेतूच हा आहे ना? स्पष्ट उत्तर द्यावे. – निवृत्त मुख्याध्यापक, महाल

सर, स्पष्टच सांगते, सुरुवात तिथूनच आहे. १९५१ मध्ये लंडनला एरिक मॉर्ली नावाच्या गृहस्थाने मिस वर्ल्ड काढली ती बिकिनी स्पर्धा म्हणूनच, आणि पहिल्या विजेतीला, स्वीडनच्या किकी हॉकन्सनला, बिकिनीतच मुकुट घातला गेला. मिस युनिव्हर्सची गोष्ट तर आमच्या धंद्यातलीच. मिस अमेरिका झालेल्या योलांड बेटबीझने पोहण्याच्या कपड्यांत मिरवायला नकार दिला. ते कपडे बनवणारी कॅटलिना कंपनी मिस अमेरिकाची प्रायोजक होती; ती रागावली, तिथून बाहेर पडली आणि १९५२ मध्ये तिने कॅलिफोर्नियात स्वतःची स्पर्धा उभी केली. तीच मिस युनिव्हर्स. त्या पहिल्याच वर्षी आपल्याकडून गेल्या होत्या इंद्राणी रहमान, पुढे नृत्यांगना म्हणून मोठं नाव झालेल्या. लग्न झालेलं होतं, मूलही होतं.

पण विरोधही तितकाच जुना आहे. १९७० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बायकांनी ऐन कार्यक्रमात पिठाचे बॉम्ब फेकले. गंमत अशी की त्याच रात्री ग्रेनाडाची जेनिफर होस्टेन जिंकली, त्या स्पर्धेतली पहिली कृष्णवर्णीय विजेती. कुणाच्या बाजूने टाळी वाजवावी? मला विचाराल तर दोघींच्या. १९९६ मध्ये बंगळूरला मिस वर्ल्ड झाली तेव्हा इतकं रान उठलं की स्विमसूटची फेरी सेशल्सला नेली. आणि २०१५ पासून मिस वर्ल्डने ती फेरी बंदच केली. मिस युनिव्हर्समध्ये ती अजून आहे.

मला स्वतःला ती फेरी आवडत नाही. चाल, ताठपणा, आत्मविश्वास बघायचा म्हणतात, तो सगळा गाऊनमध्ये दिसतो, मी रोज बघते. पण सर, एक तक्रार आहे. या विषयावर मला पुरुषांची पत्रं आली, पण मानेवाड्याच्या आईसारखं पैशांच्या फसवणुकीबद्दल एकाही पुरुषाचं आलं नाही.

मी काटोलची, मराठी मीडियमची, बी.एस्सी. करते. इंग्रजी बोलायचं म्हटलं की घाम सुटते. मावशी म्हणते, काऊन नसती स्वप्नं पाहून राहिली? इंग्रजीशिवाय जमते का, ताई?

जमते, पण मेहनत लागते. मिस युनिव्हर्समध्ये दुभाषी घेता येतो. २०२३ ची विजेती, निकाराग्वाची शेनिस पालासिओस, स्पॅनिशमध्ये उत्तर देऊनच जिंकली. आपल्या देशातल्या फेऱ्यांमध्ये मात्र इंग्रजीचाच बोलबाला आहे, हे लपवून काय करू.

पण तुझी अडचण इंग्रजीच्या आधीची असू शकते. माझ्याकडे येणाऱ्या कॉन्व्हेंटच्या मुलींना मी ट्रायलच्या वेळी मराठीत विचारते, ‘तुला काय आवडतं गं?’ अर्ध्या जणींना सांगताच येत नाही. ‘महिला सक्षमीकरण’ म्हणतात आणि थांबतात. तू रोज रात्री एका प्रश्नाचं उत्तर मराठीत, अर्ध्या मिनिटात, मोबाइलवर रेकॉर्ड कर. काटोलचंच उत्तर दे. संत्र्याचा बहर गळाला की घरात काय होतं, हे तुझ्याइतकं मुंबईच्या मुलीला सांगता येणार नाही. उत्तर पक्कं झालं की मग ते इंग्रजीत आण, साध्या वाक्यांत.

आणि मधू सप्रेचं ऐकून ठेव. आपली मराठी मुलगी, मूळची खेळाडू. १९९२ च्या मिस युनिव्हर्सला शेवटच्या तिघींत होती, बँकॉकलाच. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, असं विचारल्यावर तिने खेळांच्या सोयी, मैदान उभारण्याचं सांगितलं. गरिबी वगैरे म्हणाली असती तर मुकुट मिळाला असता, असं लोक आजतागायत म्हणतात. तिला तिसरं स्थान मिळालं, नामिबियाची मिशेल मॅक्लीन जिंकली. मला ते उत्तर तेव्हाही आवडलं होतं, आजही आवडतं. मैदानावर वाढलेल्या मुलीने मैदानच मागावं.

१९९४ ते २००० मध्ये आपल्याला मुकुटच मुकुट मिळाले, कारण परदेशी कंपन्यांना इथे क्रीम विकायचे होते. बरोबर ना? – प्रतापनगर

अर्धं बरोबर. १९९१ नंतर बाजार उघडला आणि त्यानंतर सुश्मिता, ऐश्वर्या, डायना हेडन, युक्ता मुखी, मग २००० मध्ये लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा एकाच वर्षी, हे योगायोगाने घडलं असं मीही म्हणणार नाही. पण बाजार तर २००० नंतर आणखी फुगला. मग पुढची मिस वर्ल्ड, मानुषी छिल्लर, २०१७ मध्ये का? आणि पुढची मिस युनिव्हर्स, हरनाझ संधू, २०२१ मध्ये का? त्या काळात मुलींची तयारी करून घेणारी माणसं फार कसलेली होती, साबिरा मर्चंट उच्चार घोटून घ्यायच्या. आणि १९६६ ची मिस वर्ल्ड रीता फारिया, तिला कुठल्या क्रीमने जिंकवलं? उसनी साडी घेऊन लंडनला गेलेली, मुंबईच्या ग्रँट मेडिकलची विद्यार्थिनी. जिंकली, वर्षभर मिरवली आणि परत डॉक्टरकीकडे वळली.

मी ३४ वर्षांची, एक मुलगा आहे. लहानपणापासून हौस होती. आता हसू होईल का? – बेसा

हसणारे हसतील, त्यांचं काय घेऊन बसलीस. २०२३ पासून मिस युनिव्हर्सला विवाहित बायका आणि आया चालतात, २०२४ पासून वयाची वरची अटही गेली. त्याच वर्षी माल्टाकडून ४० वर्षांची स्पर्धक आली होती आणि अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सची फेरी ६० वर्षांच्या वकीलबाईंनी जिंकली. विवाहितांसाठी वेगळी मिसेस वर्ल्ड आहेच. २००१ मध्ये ती आपल्या पनवेलच्या डॉ. अदिती गोवित्रीकरने जिंकली, तीही ग्रँट मेडिकलचीच. मात्र ‘मिसेस’ नावाच्या स्पर्धांचं आपल्याकडे सध्या उदंड पीक आहे, तेव्हा मानेवाड्याच्या ताईंना दिलेलं उत्तर तूही वाच आणि कागद तपासल्याशिवाय रुपया देऊ नकोस. गाऊन शिवायचा असेल तर संक्रांत झाली की लगेच ये. त्यानंतर माझ्याकडे लग्नाच्या ब्लाउजची रांग लागते आणि मी कुणाशी धड बोलत नाही.