नोकरी सांभाळून नाशिकमध्ये जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांना जोडलेली माहिती हाताळण्याचं तंत्र) शिकता येईल का? सिव्हिल ड्राफ्ट्समन आहे, ऑटोकॅड येतं.

हो, नक्की येईल, आणि सुरुवातीला मोठी फी भरायची गरजच नाही. मी सर्व्हेच्या कामात रोज हेच वापरतो, म्हणून सांगतो: क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर मोफत आहे, ते आधी शिका. इस्रोच्या देहरादूनच्या आयआयआरएस संस्थेचे ऑनलाइन कोर्स विनामूल्य असतात, प्रमाणपत्रही मिळतं. फक्त हजेरीची अट आणि वर्गाची वेळ नाव नोंदवण्याआधी बघून घ्या. ऑटोकॅडवाले हमखास अडकतात ते प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत. कॅडमधलं ड्रॉइंग बऱ्याचदा कुठल्याही अक्षांश-रेखांशाशी जोडलेलं नसतं, त्यामुळे ते नकाशावर भलतीकडेच जाऊन पडतं. पृथ्वीचे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम पद्धतीत नाशिक ४३ उत्तर झोनमध्ये येतं, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा कोड ईपीएसजी ३२६४३. हे पक्कं झालं की निम्मी लढाई जिंकलात. सरावाला आपलाच भाग घ्या: गंगापूर धरणाचं पाणलोट क्षेत्र, गोदाकाठची पूररेषा, दिंडोरीकडच्या द्राक्षबागा. सेंटिनेल-२ ची १० मीटरची (चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) उपग्रहचित्रं फुकट मिळतात. मात्र नुसत्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल असं धरून चालू नका. स्वतः केलेले दोन-तीन नकाशे दाखवायला हवेतच. काही कंपन्या आर्कजीआयएस हे विकतचं सॉफ्टवेअरच मागतात, पण क्यूजीआयएस आल्यावर ते जड जात नाही.