तिचा धंदा आधीच चालू आहे

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

परवा जेवायला आलीस तेव्हा म्हणालीस की दर शनिवारी कॅलिफोर्नियात, पूर्व सॅन होजेतल्या आमच्या केंद्रावर, जिथे आम्ही बायकांना धंद्याच्या कामात मदत करतो, यायचं ठरवलंयस. आणि लगेच विचारलंस, "काकू, मी त्या बायकांना बिझनेस प्लॅन शिकवू का?" पानं वाढायची होती, त्यात उत्तर राहून गेलं. म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे.

आठवडाभर अकाउंटंटची नोकरी आणि शनिवारी केंद्र, असं करत मला आता बारा वर्षं होतील. आमच्याकडे मेक्सिकोतल्या बायका येतात, एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या येतात, अधूनमधून कोलंबियाची एखादी. "मला धंदा सुरू करायचाय" असंच प्रत्येक जण सांगते. पण पाच मिनिटं बोललं की कळतं, धंदा कधीच सुरू झालाय. कुणी आठ घरांची साफसफाई धरून आहे, कुणी शेजारणींची चार मुलं सांभाळते, कुणी डिसेंबरात चर्चबाहेर तमालेस विकते. गिऱ्हाईक आहे, हातात कसब आहे, उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही याची पक्की समज आहे. नसतो तो कागद, आणि स्वतःच्या श्रमाचा हिशेब. तू तेवढ्यासाठी जायचंस. बिझनेस प्लॅनचा नमुना सध्या बाजूला ठेव.

हिशेबाचं एक उदाहरण सांगते, कारण तुझा सगळ्यात जास्त वेळ यातच जाणार आहे. मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आलेली एक बाई २०२४च्या डिसेंबरात माझ्याकडे आली. तमालेस म्हणजे मक्याच्या पिठात मांस आणि मिरचीचं सारण भरून, मक्याच्या कणसाच्या सालात गुंडाळून वाफवतात. आपल्या पातोळ्यांची आठवण येते. ती आठवड्याला २० डझन करायची, डझन २४ डॉलरला. म्हणजे ४८० डॉलर. मी विचारलं, खर्च? तिने पर्समधून पावत्यांची चुरगळलेली गड्डी काढली आणि एकेक पावती तळहाताने सरळ करत टेबलावर मांडली. पीठ, डुकराचं मांस, चरबी, मिरच्या, साली मिळून २००. डबे, गॅस, पेट्रोल ४०. "दोनशे चाळीस उरतात," ती आनंदाने म्हणाली.

मग मी तास विचारले. शुक्रवारी रात्री साली भिजत घालण्यापासून शनिवारी शेवटचं पातेलं उतरेपर्यंत तिचे १४ तास. बहीण मदतीला येते, तिचे ८. एकूण २२. मी कॅल्क्युलेटर तिच्याकडे सरकवला आणि भागाकार तिलाच करू दिला. ताशी ११ डॉलरसुद्धा पडत नव्हते. त्या वर्षी कॅलिफोर्नियाचं किमान वेतन १६ होतं. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण बहीण तर घरचीच आहे." हे वाक्य तू फार वेळा ऐकशील, आणि ते तुला ओळखीचं वाटेल. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका तरी सासूचे तास कुठे मोजतात?

आम्ही २२ तासांना १६ने गुणलं, त्यात खर्चाचे २४० मिळवले आणि २०ने भागलं. डझनाचा दर ३० डॉलरच्या जवळ आला, तोही फक्त मजुरी सुटण्यापुरता, नफा शून्य धरून. पुढच्या आठवड्यात तिने ३० सांगितले. दोघीतिघींनी कुरकुर केली, गिऱ्हाईक मात्र एकही तुटलं नाही. लक्षात ठेव, दर तिनेच ठरवला. तू फक्त कागद आणि पेन्सिल पुढे कर. आकडा तुझ्या तोंडून आला तर पहिल्या कुरकुरीला ती तो मागे घेईल.

आता कायदा. तमालेस घरी करून विकायला परवानगी आहे का, हा तिचा पुढचा प्रश्न होता, आणि मांसाच्या तमालेसबाबत सरळ उत्तर "नाही" असं आहे. घरगुती खाद्यपदार्थांचा कॅलिफोर्नियाचा कायदा २०१२ साली झाला, १ जानेवारी २०१३ला लागू झाला. न नासणारे पदार्थच त्यात बसतात. पण त्याची यादी नीट वाच, कारण ती करताना या बायकांची कुणीतरी आठवण ठेवली आहे. टॉर्टिया म्हणजे त्यांची पोळी आहे, चुरोस आहेत, वाळवलेली मोले पेस्ट म्हणजे मिरच्या-मसाल्यांचं वाटण आहे, करंज्यांसारखे फळांचे एम्पानादास आणि फळांचे तमालेससुद्धा आहेत. मांस नाही, क्रीम नाही, कस्टर्ड नाही. थेट गिऱ्हाइकाला विकणारीचा "ए" वर्ग, दुकानात माल ठेवणारीचा "बी" वर्ग. "बी"साठी स्वयंपाकघर तपासायला माणूस येतो. पाकिटावर घरच्या स्वयंपाकघरात केल्याचं ठरलेल्या आकाराच्या अक्षरात छापावं लागतं. या बाईने आधी अननसाचे गोड तमालेस आणि मोले कायद्याने सुरू केले आणि मांसाच्या तमालेससाठी तासावर भाड्याने मिळणारं व्यावसायिक स्वयंपाकघर शोधलं. तीन महिने लागले. अशी स्वयंपाकघरं कशी चालतात ते बघायचं असेल तर एकदा सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात ला कोसिना ही संस्था बघून ये. २००५ पासून ते हेच काम करतात, आणि तिथून निघालेल्या बायकांची आज स्वतःची रेस्टॉरंटं आहेत.

घरच्या स्वयंपाकघरातून गरम जेवण विकण्याचाही एक कायदा २०१८ साली झाला, पण तो काउंटीने, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाने, स्वीकारला असेल तरच लागू होतो. बाई राहते त्या काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन केल्याशिवाय "चालतं" म्हणू नकोस. रस्त्यावरच्या विक्रीचंही तसंच. २०१९च्या जानेवारीपासून राज्यात फुटपाथवर विकणं हा गुन्हा राहिलेला नाही. शहर परवाना मागू शकतं, दंड करू शकतं, पण तुरुंगात टाकू शकत नाही. तरीही खाण्याच्या गाडीचे आरोग्यखात्याचे नियम इतके अवघड होते की २०२२ साली ते सैल करायला वेगळा कायदा करावा लागला. पोलीस दिसले की अजूनही काही बायका गाडी आवरायला लागतात. त्यांना कायद्याचं नाव सांगून भागत नाही. परवान्याची रांग सोबत उभं राहून पार करावी लागते, आणि तो दिवस शनिवार नसतो. ऑफिसातून सुट्टी काढायची तयारी ठेव.

माझी एक चूक सांगते, म्हणजे तू ती करणार नाहीस. २०१७ साली एका सफाईचं काम करणाऱ्या बाईला मी उत्साहाच्या भरात एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढून दिली. कागद छान दिसत होते, तिने फ्रेम करून भिंतीवर लावले. मी तिला बजावून सांगायला हवं होतं की कॅलिफोर्नियात एलएलसीला दर वर्षी किमान ८०० डॉलर कर आहे, कमाई होवो न होवो. पुढच्या वर्षी तिची तीन कामं सुटली होती आणि ती नोटीस हातात घेऊन आली. मला एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं. त्यानंतर मी नियम केला: साधा एकटीच्या नावाचा धंदा, काउंटीत धंद्याच्या नावाची नोंद, स्थानिक वृत्तपत्रात चार आठवडे जाहिरात, वेगळं बँक खातं आणि विमा. एलएलसीचा विचार त्यानंतर, गरज पडली तर. तुला कंपनी कायदा चांगला येतो, म्हणूनच तुला हे जास्त सांगावंसं वाटतं.

"नोतारियो" हा शब्दही लक्षात ठेव. लॅटिन अमेरिकेत नोतारियो म्हणजे कायद्याचं मोठं शिक्षण घेतलेला वजनदार माणूस. अमेरिकेतला नोटरी फक्त सही होताना साक्षीला असतो. या एका शब्दाच्या फरकावर लोकांनी किती पैसे उकळलेत ते तुला दर महिन्याला दिसेल. म्हणूनच कॅलिफोर्नियात नोटरीने जाहिरातीत स्वतःला स्पॅनिशमध्ये "नोतारियो पुब्लिको" म्हणवणं बेकायदा आहे. धंद्याचा ईआयएन नंबर, म्हणजे करासाठीचा ओळख क्रमांक, आयआरएस हे केंद्र सरकारचं करखातं फुकट देतं, आणि त्याच नंबरसाठी ३५० डॉलर देऊन आलेली बाई मी पाहिली आहे. ज्यांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळू शकत नाही त्यांनाही कर भरता यावा म्हणून १९९६ पासून आयटिन नंबर आहे, आणि तो धरून कर्ज देणाऱ्या सामाजिक वित्तसंस्थाही आहेत. पण कुणाला कधीही विचारू नकोस की तुझ्याकडे या देशात राहण्याचे कागद आहेत का. तिने आपणहून काढलं तर लिहून ठेवू नकोस. आणि "काही होणार नाही" असं वचन तर देऊच नकोस, ते द्यायचा आपल्याला अधिकार नाही. आमच्या ओळखीची इमिग्रेशन वकील आहे, तिच्याकडे पाठव.

भांडवलाचं काय, असं तू विचारशील. त्याचं उत्तर त्यांच्याकडे आधीच आहे आणि तुझ्या आईकडेही आहे. तांदा म्हणजे आपली भिशी. दहा जणी, आठवड्याला शंभर, दर आठवड्याला एकीला हजार. आधीचा नंबर कुणाला, यावरून तिथेही आपल्यासारखेच रुसवेफुगवे चालतात. मला पहिल्या वर्षी हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की मी त्या बायकांना आमच्या डोंबिवलीच्या चाळीतली भिशी सांगितली, आणि तिथून पुढे त्या माझ्याशी मोकळं बोलायला लागल्या. अडचण एवढीच की वीस वर्षं तांदा एकदाही न चुकवलेल्या बाईची बँकेच्या लेखी पत शून्य. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन ॲसेट फंड या संस्थेने हे ओळखलं आणि तीच भिशी बिनव्याजी कर्ज म्हणून लिहून घ्यायला, दर महिन्याचा हप्ता पत नोंदवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला कळवायला सुरुवात केली. २०१४ साली राज्याने त्यासाठी कायदाही केला. संस्थापक होसे किन्योनेस यांना २०१६ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये २००८ साली सुरू झालेली ग्रामीण अमेरिका नावाची संस्था पाच-पाच जणींचे गट करून तारणाशिवाय कर्ज देते. बचत गट पाहिलेल्या तुझ्या आजीला ते एका वाक्यात समजेल. सरकारी हमीच्या कर्जाचे पात्रतेचे नियम मात्र बदलत राहतात, त्याच आठवड्यात तपासल्याशिवाय नाव काढू नकोस.

फोनवर चोवीस तासांत पैसे देणाऱ्यांपासून सांभाळ. दहा हजार देतात आणि "फॅक्टर १.४" म्हणतात. म्हणजे चौदा हजार परत, रोज खात्यातून आपोआप कापून. सहा महिन्यांत फेडलं तर वार्षिक व्याज किती होतं ते तू स्वतः काढून बघ, मग तिला दाखव. २०२२च्या डिसेंबरपासून अशा सावकारांना वार्षिक दर लिहून दाखवणं राज्यात बंधनकारक आहे. तो कागद मागून घे, आणि आकड्यावर तिचं बोट ठेवून वाच.

बोलण्याबद्दल दोन गोष्टी. तुझं स्पॅनिश ॲपवर शिकलेलं आहे, त्यात सगळ्यांना "तू" म्हणतात. इथे "उस्तेद" म्हणायचं, म्हणजे आपलं "तुम्ही". पन्नाशीच्या बाईला पहिल्याच दिवशी अरेतुरे केलंस तर ती हसेल, पण पुन्हा येणार नाही. आणि सगळ्याच स्पॅनिश बोलतात असं धरू नकोस. ग्वाटेमालातल्या काहींची भाषा माम आहे, मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या काहींची मिश्तेक. स्पॅनिश त्यांनाही आपल्याला हिंदी येते तशी येते.

दुसरी गोष्ट मुलींची. आई अर्ज घेऊन येते आणि शेजारी अकरा-बारा वर्षांची लेक दुभाषी म्हणून बसते. एकदा अशीच एक मुलगी आईच्या कर्जाचा नकार मोठ्याने वाचून दाखवत होती. मधेच थांबली, आईकडे बघितलं आणि पुढचं वाक्य गाळून टाकलं. मला ते वाक्य समोर दिसत होतं. तेव्हापासून पैशाचं बोलणं निघालं की मुलांना शेजारच्या खोलीत रंग आणि कागद देऊन बसवतो. दुभाष्या न मिळाल्यास तारीख पुढे ढकल, पण मुलीच्या तोंडून आईचं कर्ज वाचून घेऊ नकोस.

नवऱ्यांविषयी फार बोलत नाही, ते तू बघशीलच. एवढं सांगते की १९८८ साली कायदा होईपर्यंत याच देशात बाईला धंद्यासाठी कर्ज घ्यायचं तर अनेकदा घरातल्या पुरुषाची सही मागितली जायची. खुद्द सरकारलाच ते बदलायला तेवढा काळ लागला, म्हणून एखादी "घरी विचारून सांगते" म्हणाली तर तिला मागासलेली समजू नकोस. पुढच्या शनिवारी खुर्ची रिकामी ठेव.

शनिवारी नऊला ये, बायका दहापासून येतात. लॅपटॉप नको, तो उघडला की त्या पावत्या पर्समध्येच ठेवतात. चौकटीची वही, दोन पेन्सिली आणि मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर आण. मिचोआकानची बाई साडेदहाला येणार आहे. ती आता बहिणीला तासाप्रमाणे पैसे देते आणि तिला या तिमाहीचा कर भरायला मदत हवी आहे. ते काम तू कर, मी शेजारच्या टेबलावर असेन.

तुझी,
काकू