साताऱ्यातून एम.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली, करिअर कोचला ३५ हजार द्यावेत का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी. केमिस्ट्री झाली, मनासारखं काही लागत नाहीये, पुण्यातला एक कोच सहा सेशनचे ३५ हजार मागतोय आणि घरचे म्हणतायत भरून टाक.

नका भरू. आता पुढचं लांबणार आहे कारण याच विषयावरून माझं आणि माझ्या साडूंचं वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी शिरवळ बाजूला एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्या लॅबला आहे, फ्रेशरचे इंटरव्ह्यू असले की मलाही बसवतात. टेबलावर जो गठ्ठा येतो त्यातले कोचकडून आलेले सीव्ही मला न वाचता ओळखू येतात. वर निळी पट्टी, खाली 'रिझल्ट ओरिएंटेड प्रोफेशनल', मग टीमवर्क-लीडरशिपचे पाच गोल. काम काय केलंय ते शोधायला पान उलटावं लागतं आणि तिथंही नसतं.

तर साडूंची पुतणी. साडू पुण्यात आयटीत, त्यांचे थोरले बंधू गावी, कोरेगाव तालुक्यात शेती आणि चार जनावरं. पोरगी हुशार. बी.एस्सी.पासून एम.एस्सी. संपेपर्यंत गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ बसायची. सकाळचं दूध घ्यायचं, फॅट मोजायचं, लॅक्टोमीटर (दुधाची घनता दाखवणारी काचेची नळी) लावायचा, रजिस्टर भरायचं आणि मग एसटी धरून साताऱ्याला कॉलेज. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गायीच्या दुधाचा दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो आणि त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. म्हणजे तिथं बसणाऱ्या माणसाच्या हातात रोज गावाच्या खिशाचा हिशोब असतो, आणि गाव ते गप ऐकून घेत नाही.

एम.एस्सी. झाल्यावर नोकरी लागेना म्हणून साडूंनी तिला कोच लावून दिला. फी तिसेक हजारांच्या घरात, साडूंनीच भरली, हे मी मान्य करतो, माणूस मनानं मोठा आहे. कोचने पहिल्याच सेशनला काय केलं, तर सीव्हीवरचं दूध डेअरीचं काम काढून टाकलं. म्हणाला लोकल वाटतं, ब्रँडिंगला मारक आहे. पत्त्यात पुणे टाकायला लावलं. हॉबीत 'नेटवर्किंग' लिहिलं. तिचे वडील म्हणाले, "धाकटा शिकलेला हाय, तो म्हणतोय तर खरं असंल."

मला हे कळलं आणि डोकंच फिरलं. अहो ज्या जिल्ह्यात कर्मवीर अण्णांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका'वर पोरं शिकवली, त्या जिल्ह्यातल्या पोरीनं काम करून शिकल्याचं लपवायचं आणि त्याचे वर पैसे मोजायचे?

मी तिला घरी बोलावलं आणि म्हटलं डेअरीवर भांडण झालंय का कधी ते सांग. झालेलं. एकदा गावातल्या एका वजनदार माणसाच्या दुधाची डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटरचा आकडा, कमी लागली, तो ऐकेना, "दोन डिग्री वाढवून लिही, तुझ्या बापाला सांगतो" वगैरे. हिनं कॅन त्याच्यासमोर नीट ढवळून घेतला, लॅक्टोमीटर धुवून पुसला, दुधाचं तापमान बघितलं, कारण दूध गार असलं की लॅक्टोमीटर जास्त दाखवतो, आणि परत लावला. तेवढंच आलं. दोन्ही रीडिंग रजिस्टरला लिहिली, वेळ टाकली, त्याला म्हणाली इथं सही करा. रजिस्टरही दाखवलं तिनं, मोबाईलमध्ये फोटो होता. कुठंही गिरवलेलं नाही, व्हाइटनर नाही. चुकलेला आकडा एका आडव्या रेघेनं खोडलेला, खालचा आकडा वाचता येतोय, बाजूला बरोबर आकडा आणि छोटी सही. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, "नंतर कोण म्हणायला नको म्हणून" एवढंच तिचं कारण. आमच्याकडे नवीन पोरांना नेमकं हेच शिकवताना घाम निघतो आणि ऑडिटला सगळ्यात जास्त बोलणी यावरूनच बसतात.

क्यूसीच्या जवळजवळ प्रत्येक इंटरव्ह्यूला एक प्रश्न असतोच, रिझल्ट स्पेसिफिकेशनच्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या, बाहेर आला तर काय कराल? पोरं पाठ केलेलं म्हणतात, 'सर, रिटेस्ट करेन.' तिथंच गडबड, कारण पास होईपर्यंत परत परत टेस्ट करत बसणं हाच गुन्हा आहे, आधी पहिला आकडा जपायचा, वरिष्ठांना सांगायचं आणि मग कारण शोधायचं. मी तिला म्हटलं या प्रश्नाला तू डेअरीचं सांग, आणि सीव्हीत पहिल्या पानावर डेअरी आण, पत्ता गावचा लिही. पत्त्याचं तर कोचला काहीच कळत नाही. शिरवळ-खंडाळा पट्ट्यात एचआर पहिलं विचारतो रोज कुठून येणार. जवळचा माणूस असेल तर त्याला बरंच वाटतं, तो टिकतो.

आमच्या कंपनीत मी तिला मुद्दाम बोलावलं नाही, नात्यातली आहे. दुसरीकडे वॉक-इनला गेली, तिथं तो प्रश्न आला, हिनं वजनदार माणसाचा किस्सा सांगितला, पॅनेलवरच्या मॅडम हसल्या म्हणे आणि मग डेअरीवरच बराच वेळ बोलत बसल्या. लागली. "काका, एचपीएलसीचं फारसं विचारलंच नाही," म्हणून फोन केला होता. (एचपीएलसी म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं लॅबचं मशीन.)

आणि साडू आजतागायत प्रत्येक कार्यात सांगतात, कोच लावला म्हणून झालं!

बरं, तुमचं. कोचच्या आधी कॉलेजात जा. प्लेसमेंट सेलवर फार आशा ठेवू नका, माजी विद्यार्थी संघ तर बऱ्याच ठिकाणी कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकची टीम येणार असली की जागा होतो, कारण तिथं त्याचे मार्क असतात, फोटो निघतात आणि परत सामसूम. पण तुमच्या डिपार्टमेंटच्या सरांकडे जुन्या बॅचचे नंबर असतात, ते मागा. नाहीतर लिंक्डइनवर कॉलेजचं पेज उघडा, त्यात अ‍ॅल्युम्नी म्हणून टॅब आहे, शहर आणि कंपनी टाकली की आपलीच माणसं समोर येतात. त्यांना 'जॉब असेल तर सांगा' असा मेसेज करू नका, त्याला कुणी उत्तर देत नाही, मीही देत नाही. विचारा की तुमच्या लॅबला कुठली इन्स्ट्रुमेंट आहेत, फ्रेशर कधी घेता, वॉक-इन असतो का. यावर माणूस बोलतो. साताऱ्याचा असेल तर जरा जास्तच बोलतो.

सीव्हीत एचपीएलसी नुसतं बघितलं असेल तर बघितलं असंच लिहा, चालवलं लिहू नका, दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. या दोन वर्षांत घरात बसून काय केलं तेही लिहा, ट्यूशन घेतल्या असतील, दुकानात बसला असाल, काहीही. सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे, नोंदणी फुकट. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, त्यात पदवीधराला महिना १० हजार विद्यावेतन ठरवलं होतं, सध्या तुमच्याकडे जागा आहेत का ते जिल्हा रोजगार कार्यालयात जाऊन विचारा. आणि बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणारा कुणी भेटला तर तिथून उठायचंच, बोलायचं पण नाही.

आता हेही सांगतो की मला फार्मा-केमिकलपलीकडचं कळत नाही. बँकिंग, आयटी, परदेशी शिक्षण यातलं गणित वेगळं असू शकतं. दहा-बारा वर्षं नोकरी झालेला माणूस लाइन बदलत असेल किंवा इंटरव्ह्यूला बसलं की तोंडातून शब्दच फुटत नसेल, तर चांगला कोच उपयोगी पडतो, असे लोक आहेत. तुमचं तसं असेल तर एकाच सेशनचे पैसे द्या, सहाचे एकदम नाही, आणि आधी त्याला विचारा की गेल्या वर्षी तुमच्याकडे आलेल्या केमिस्ट्रीच्या दोन-तीन पोरांशी बोलता येईल का.

साडूंनी हे विचारलं नव्हतं. मी ते पुतणीच्या साखरपुड्यात सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, तेव्हापासून त्यांचा फोन बायकोलाच येतो.