घर कोणाच्या हाती सोपवून जाल?

“ताई, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होणाऱ्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात माझे नाव लागले आहे, पण आता जाण्याच्या नुसत्या विचारानेही छातीत धडधडते,” असे न्यू जर्सीतील एका भगिनीने मला लिहिले आहे. सासू-सासरे मे महिन्यात आले आहेत आणि ऑक्टोबरपर्यंत राहणार आहेत. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा, आणि दोघांचे कॅम्प दोन दिशांना. जुलैच्या आरंभी इथल्या मराठी मंडळींचे अधिवेशन आणि त्यात मुलीचे नृत्य, नंतर नायगारा, मग वॉशिंग्टन, मध्येच घरचा सत्यनारायण, आणि हे सारे नोकरी सांभाळून. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शाळा सुटते आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुटी झाली की पुन्हा भरते, त्या अकरा आठवड्यांत आपण इकडची माणसे काय काय कोंबतो, हे तुम्हां वाचकांना मी निराळे सांगायला नको.

पत्रात पाच प्रश्न आहेत. त्यांपैकी चार मी शेवटी थोडक्यात घेणार आहे, कारण माझे मन एकाच परिच्छेदापाशी अडकले आहे. भगिनी लिहितात: “जाण्यापूर्वी दहा दिवसांचे जेवण करून फ्रीजरमध्ये ठेवणार आहे. शंभर पोळ्या, सात-आठ भाज्या, आमटीचे डबे. प्रत्येक डब्यावर तारीख. यजमानांसाठी चार पानांच्या सूचनाही लिहून काढल्या आहेत. कोणाला माझी उणीव भासता कामा नये.”

बाई, तुमचे कष्ट मला दिसतात आणि त्यांमागची माया त्याहून अधिक दिसते. तरीही स्पष्ट लिहिते, रागावू नका: हे डबे तुम्ही भरू नयेत.

हे मी स्वतः केलेले आहे. आम्ही १९९१ साली क्लीव्हलंडला आलो आणि २००३ च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा दहा दिवसांच्या शिबिराला गेले. तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती आणि मुलगा आठ. जाण्यापूर्वीचे तीन आठवडे मी रोज रात्री अकरापर्यंत ओट्याशी उभी असे. चाळीस डबे भरले. शिबिरात पहिले तीन दिवस श्वासाकडे पाहायला शिकवतात आणि चौथ्या दिवशी विपश्यनेची साधना देतात. त्या चौथ्या दिवशी दुपारी, ज्या घडीसाठी मी एवढी वाट पाहिली होती त्या घडीला, भेंडीचा डबा वरच्या कप्प्यात ठेवला की खालच्या, एवढाच विचार माझ्या मनात होता. मी देहाने मॅटवर बसले होते आणि मनाने फ्रीजर उघडून उभी होते. घरी परतले तेव्हा चाळीसपैकी सव्वीस डबे जसेच्या तसे होते. माझ्या माणसांनी खिचडी केली होती, मक्याची कणसे उकडून खाल्ली होती, आणि मुलीने कुकरच्या शिट्ट्या मोजत वरण-भात शिकून घेतला होता. तिने ते मला फार अभिमानाने सांगितले आणि मी मात्र त्या सव्वीस डब्यांकडे पाहून रडले. ते रडणे कशाचे होते, हे समजायला मला पुढची काही वर्षे लागली. माझ्यावाचून घर चालले होते आणि तेच मला सोसत नव्हते.

म्हणून “कोणाला माझी उणीव भासता कामा नये” हे तुमचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. उणीव भासू द्या. ती भासली तरच मुले स्वतःचा कुकर लावतील. सगळे आधीच करून ठेवले तर तुम्ही घरातून हलतच नाही, केवळ दिसेनाशा होता, आणि दिसत नसताना चाललेले काम तुम्हाला ध्यानाच्या हॉलमध्येही सोडत नाही.

घर कसे सोपवावे, हे मी माझ्या सासूबाईंकडून पाहिले. आमचे गाव लोणंदजवळचे. माझे लग्न १९८४ सालचे आणि दुसऱ्याच वर्षी त्या मला घरात ठेवून वारीला निघाल्या. माउलींची पालखी आळंदीहून निघून पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे करत लोणंदला येते आणि तिथून फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर या वाटेने पंढरपूरला पोहोचायला आणखी नऊ-दहा दिवस लागतात. म्हणजे तुमच्या शिबिराएवढेच दिवस. काळ कोणता? पेरणीचा. बाजरी नुकतीच पडलेली, पावसाचा भरवसा नाही, गोठ्यात म्हैस व्यायला आलेली. तालुक्यातली कितीतरी घरे पेरणी उरकून, पुढचे पाऊसपाणी घरच्यांवर टाकून या काळात वाटेला लागतात. सासूबाईंनी निघताना कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “पोरी, घर तुझ्या पदरात टाकून चालले. आता मी मागं वळून बघायची नाय.” सूचना एकही नाही. पीठ कोणत्या डब्यात आहे, एवढेही सांगितले नाही. त्या दहा दिवसांत माझ्या हातून दूध दोनदा नासले आणि म्हशीने मला जवळ येऊ दिले नाही. सासूबाई बुक्का-चुरमुऱ्यांचा प्रसाद घेऊन परत आल्या तेव्हा त्यांनी गोठ्यात डोकावून पाहिले आणि एवढेच विचारले, “तू जेवलीस का वेळेवर?” दुधाचा विषय त्यांनी कधीही काढला नाही. त्या बाईंना अक्षरओळख नव्हती. पण सोपवणे म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा पुष्कळ आधी कळले होते.

तुम्ही लिहिता, “संसार टाकून स्वतःसाठी जाणे स्वार्थीपणाचे वाटते. आपल्या संतांनी तर संसारातच परमार्थ केला.” केला, हे खरे, पण एकांताचीही वाट त्यांना ठाऊक होती. तुकोबा देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर चिंतनाला जाऊन बसत, हे आपण सारेच जाणतो. त्याच परंपरेत असेही सांगतात की जिजाई त्यांची भाकरी घेऊन तो डोंगर चढत असत. मला या कथेत जिजाईंचे पाय नेहमी दिसत राहतात. एक माणूस एकांतात बसते तेव्हा त्याच्या वाट्याचे ओझे दुसरे कोणीतरी डोंगरावर वाहत असते, आणि हे उघड मान्य करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. तेव्हा एकांताला जावे की नाही, याची चिंता सोडा. या वेळी भाकरी कोण वाहणार, एवढेच ठरवायचे आहे.

आणि याचे उत्तर तुमच्याच पत्रात, तिसऱ्या पानावर, जाता जाता लिहिलेल्या एका ओळीत आहे: “यजमान मागच्या वर्षी याच शिबिराला जाऊन आले, त्यांना फार लाभ झाला.” मागच्या वर्षी निघण्यापूर्वी त्यांनी किती पोळ्या करून ठेवल्या होत्या? सूचनांची किती पाने लिहिली होती? त्यांना दोष देण्यासाठी मी हे विचारत नाही. तुम्ही तेव्हा घर आपोआप उचललेत, त्यांना मागावेच लागले नाही, आणि आता तेच मागताना तुमचा हात थरथरतो आहे. आमच्याही घरी हेच घडत असे. माझे यजमान शिबिराला जात तेव्हा बॅग भरून जात. मी निघाले की घरात धान्य दळण्यापासून तयारी सुरू होई. २००९ साली दुसऱ्यांदा जाताना मी जेवणाच्या टेबलावर त्यांना सरळ म्हटले, “हे बारा दिवस घर तुमचे.” ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “मग सुटी टाकतो.” सहा वर्षे मी जे वाक्य गिळले होते, त्याला इतकेसे उत्तर पुरले.

बारा दिवस म्हणाले, ते नीट लक्षात घ्या; तुम्ही सगळीकडे दहा मोजले आहेत. आदल्या दिवशी दुपारी केंद्रावर पोहोचायचे असते आणि अकराव्या दिवशी सकाळी निघता येते, म्हणून घराच्या हिशेबात बारा तारखा जातात. या काळात फोन जमा करावा लागतो, नऊ दिवस पूर्ण आर्य मौन असते, वाचन-लेखन चालत नाही, आणि तुम्ही रोज करता तो स्तोत्रपाठ व जपही तेवढे दिवस बाजूला ठेवावा लागतो. हे शेवटचे पुष्कळांना तिथे गेल्यावर कळते आणि मन खट्टू होते, म्हणून आधीच मनाची तयारी करा. घरी खरोखर अडचण आली तर घरच्यांना केंद्राच्या कार्यालयाशी संपर्क साधता येतो. तो क्रमांक यजमानांपाशी असावा, आणि तो आमटीसाठी वापरायचा नाही, हेही हसत हसत सांगून ठेवावे.

सोपवायचे ते नेमके काय, तेही सांगते, म्हणजे तुमच्या चार पानांचे अर्धे पान होईल. दोन्ही कॅम्पांत मुलांना घेऊन जाण्याची परवानगी असलेल्यांच्या यादीत यजमानांचे आणि एखाद्या विश्वासू शेजाऱ्याचे नाव घाला. दिवसाचे कॅम्प बहुधा दुपारी तीन-चारच्या सुमारास सुटतात, ओळखपत्र पाहिल्यावाचून मूल हाती देत नाहीत, आणि सासरे गाडी चालवत नाहीत. सासू-सासऱ्यांच्या रोजच्या गोळ्या आणि त्यांच्या प्रवासी आरोग्यविम्याचे कागद यजमानांनी स्वतः एकदा हाताळावेत. ते त्यांचेच आई-वडील आहेत. बाकी कोणत्या दिवशी काय शिजवायचे, मुलाने कोणता सदरा घालायचा, रोपांना पाणी किती वाजता, हे सगळे पुसून टाका. रोपे सुकली तर सुकू देत.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. डबे नाहीत म्हणून ते ओझे सासूबाईंच्या गुडघ्यांवर जाता कामा नये. तुम्हीच लिहिले आहे की त्यांना जिना चढवत नाही. त्या मुलाकडे पाच महिने विसाव्याला आल्या आहेत. सून शिबिराला गेली आणि त्या पाच माणसांच्या पोळ्या लाटत बसल्या, तर तुमच्या मौनाची किंमत त्यांनी मोजली, असे होईल. त्यांना हौस म्हणून काही करायचे असेल तर आनंदच आहे, पण ओट्याची जबाबदारी मुलाची, हे त्यांच्या देखत आणि मुलाच्या तोंडून ठरले पाहिजे. वाटल्यास जूनमधला एक शनिवार-रविवार मैत्रिणीकडे राहायला जा, फोन बंद ठेवा आणि घराला एकदा सराव होऊ द्या. त्या रविवारी परतल्यावर स्वयंपाकघर पाहून काही बोलू नका. तो सराव तुमचा आहे.

आता तुमचे उरलेले प्रश्न. “शिबिरात निदान विश्रांती तरी मिळेल ना?” नाही. पहाटे चारला घंटा होते आणि दिवसाकाठी सुमारे दहा तास बसायचे असते. ती मेहनत आहे. झोप हवी असेल तर ती आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत घ्या. शिबिरावरून आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ नका, दोन दिवसांची रजा जोडून घ्या आणि त्या दिवसांत कोणाला जेवायला बोलावू नका. “नायगारा की वॉशिंग्टन?” एकच ठिकाण, आणि ते सासू-सासऱ्यांनी ठरवावे, मला वाटते, ते घराच्या अंगणातच अधिक रमतील. “अधिवेशनाला गेलो नाही तर लोक काय म्हणतील?” मुलीने वर्षभर तालीम केली आहे, म्हणून जा, लोकांसाठी जाऊ नका. सत्यनारायण श्रावणावर ढकला, सासूबाईंना तो तेव्हाच अधिक रुचेल.

मुलांना मात्र आतापासून सांगा, तेही खरे सांगा. “आई दहा दिवस बोलणार नाही, फोनवरही येणार नाही, आणि बारा दिवसांनी घरी येईल,” एवढे नऊ वर्षांच्या मुलाला नक्की समजते. आमच्या मुलाला मी २००३ साली “आई कामाला जाते आहे” असे सांगून निघाले होते आणि तो रोज रात्री वडिलांना विचारत असे की आई झोपते कुठे. वडिलांनाही ती जागा ठाऊक नव्हती. तुमचे केंद्र मॅसॅच्युसेट्समधल्या शेलबर्नला आहे, गाडीने साडेतीन-चार तासांवर, आणि यजमानांना ते परिचयाचे आहे. तेव्हा बसने किंवा दुसऱ्या साधिकेबरोबर जाऊ नका. यजमानांनी गाडी काढावी, मुलांना आणि जमल्यास सासू-सासऱ्यांनाही बरोबर घ्यावे, आणि फाटकातून आत जाण्यापूर्वी मुलाला ती झाडी, ती इमारत, तो रस्ता सारे दाखवावे. घराची किल्ली तिथेच द्या, त्याच्या देखत.